१९३९ चा रुपया आणि टंचाईच्या काळातली चांदीची नाणी : खरं-खोटं कसं पारखायचं?

वारणाकाठ :

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात शाळेत इतिहास शिकवतो. काही वर्षांपासून एकच धागा धरून चांदीची नाणी जमवतोय. देशात तंगी होती, चांदीची चणचण होती, लोक नोटेवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, त्या काळातले रुपये. म्हणजे पहिल्या महायुद्धाची शेवटची वर्षं आणि पुढे दुसरं महायुद्ध. राणीछाप, एडवर्डचे रुपये मी मुद्दामच घेत नाही, नाहीतर पगार पुरायचा नाही आणि धागाही सुटायचा.

आतापर्यंत १९१७ ते १९२० चे रुपये जमले. १९४० पासून १९४५ पर्यंतचेही बरेच मिळाले. वर्गात मी मुलांच्या एका हातात १९१८ चा रुपया देतो, दुसऱ्या हातात १९४४ चा. आकार तोच, वजनही तेच. मग सांगतो की दुसऱ्यात चांदी निम्मीच आहे. महायुद्धाचा धडा तासभर वाचून जे पोचत नाही ते तिथे दोन मिनिटांत पोचतं. एका मुलीने लगेच विचारलं, "मग लोकांनी चांगला रुपया घरात ठेवून हा वाईट बाजारात दिला असेल ना सर?" अर्थशास्त्रातला मोठा नियम तिने आपण होऊन काढला. तेव्हापासून हा संग्रह पुरा करायचाच असं मनाने घेतलंय.

आता अडलंय ते १९३९ च्या रुपयावर. पुण्याच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने दाखवला. दिसायला स्वच्छ, अक्षरं ठसठशीत. सांगितलेली किंमत माझ्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. त्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं कबूल केलंय. हा खरा की बनवलेला, घरच्या घरी कसं पारखायचं? शिवाय १९१८ चा रुपया सराफाकडे ढिगाने मिळतो आणि १९२१, १९२२ चा डोळ्यालाही पडत नाही, हे का? आणि तिसरं, १९३० च्या जागतिक मंदीतला रुपया मला संग्रहात हवा आहे, तो कुठे शोधू?

सराफकट्टा :

गुरुजी, धागा छान धरलाय. आमची जळगावात सराफीची तिसरी पिढी. आजोबांनी हे रुपये चलनातून जाताना पाहिले, वडिलांनी ते वजनावर घेतले, मी आता ते गाळण्यापासून वाचवायच्या मागे लागलोय. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात तुमचे पैसे बुडायची भीती आहे. मंदीतला रुपया शोधू नका, तो नाहीच. १९२२ नंतर चलनासाठी रुपया पाडला गेला तो थेट १९३८ च्या सालाचा. मधल्या काळात जॉर्ज पंचमच्या अधेल्या (आठ आणे) आणि पावल्या (चार आणे) निघाल्या, रुपया नाही. पहिल्या युद्धात एवढे रुपये पाडले होते की शांतता झाल्यावर ते सरकारी तिजोरीत परत येऊन साचले. १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने चलनाची फेरमांडणी सुचवली आणि त्यानंतर सरकारने उलट जुने रुपये गाळून चांदी विकायला काढली. नवा रुपया पाडायचं कारणच उरलं नव्हतं. त्यामुळे १९३० किंवा १९३२ सालाचा "दुर्मिळ रुपया" कुणी पुढे केला तर किंमतसुद्धा विचारू नका. मंदीची खूण म्हणून त्या दशकातली अधेली घ्या, ती प्रामाणिक वस्तू आहे.

आता १९१८. लोकांना वाटतं टंचाईच्या काळातलं नाणं म्हणजे ते दुर्मिळ असणारच. इथे नेमकं उलटं झालं. युद्धात हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी, कापड भरमसाट बाहेर जात होतं आणि त्याचे पैसे शेतकऱ्याला चांदीतच हवे होते. टांकसाळी रात्रंदिवस चालल्या. दुसरीकडे चांदीचा भाव चढत गेला. लंडनात औंसाला ४३ पेन्सच्या वर चांदी गेली की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होत होती. हा उंबरठा १९१७ मध्ये ओलांडला गेला आणि १९२० च्या फेब्रुवारीत भाव ८९ पेन्सवर जाऊन पोचला. सरकारने नाणी गाळण्यावर बंदी घातली, ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली, १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची. चांदीची चवली (दोन आणे), पावली, अधेली बाजूला ठेवून तांबं-निकेलच्या काढल्या. त्यातल्या आठ आण्यांच्या नाण्याची इतकी नक्कल झाली की ते परत घ्यावं लागलं. म्हणजे १९१८ चा रुपया टंचाईतला खरा, पण पाडला कोट्यवधींनी. १९२१ आणि १९२२ मध्ये युद्ध संपलेलं, व्यापार थंडावलेला, रुपये परत येऊ लागलेले. मुंबईच्या टांकसाळीने त्या दोन सालांचे थोडेच पाडले. म्हणून ते दिसत नाहीत.

आणि तुमचा १९३९. हा तिसऱ्याच तऱ्हेने दुर्मिळ झालाय. पाडला होता लाखांनी. पण १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर इकडे लोकांनी नोटा देऊन रुपये घरी न्यायला सुरुवात केली. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं सरकारने गुन्हा ठरवलं, एक रुपयाची नोट पुन्हा आणली आणि रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून थेट ५० वर उतरवली. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. मग जुने चांगले रुपये मागे घेतले. राणीचे १९४१ मध्ये चलनातून गेले, एडवर्डचे १९४२ मध्ये, दोन्ही जॉर्जचे, म्हणजे पंचम आणि सहावा यांचे, चांगल्या चांदीचे १९४३ मध्ये. १९३८, १९३९ चे रुपये नवेकोरे होते, फार हातात गेलेच नव्हते, ते बहुतेक टांकसाळीच्या मुशीत गेले. कॅटलॉगातला "किती पाडले" हा आकडा वाचून नाण्याची दुर्मिळता ठरवू नका. किती उरले हे बघा.

पारख अशी करा.

आधी कडा. १९३९ ची कडा साधी दातेरी. युद्धकाळातल्या निम्म्या चांदीच्या रुपयाच्या कडेला मधोमध खोबण आणि तिच्यात बारीक नक्षी असते, नकली पाडणाऱ्यांना अडवायला ती आणली. १९३९ सालाच्या रुपयावर अशी खोबण दिसली तर साल बदललेलं आहे, पुढे बघायची गरज नाही. कडेवर आडवी बारीक शिवण दिसली तर नाणं साच्यात ओतलेलं.

मग पाणी. दशांशाच्या दोन घरांपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोरा बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असा धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे दोऱ्याला टिचकी मारून सोडवा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरडं वजन भागा. रुपयाचं पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. चांगल्या चांदीचा असेल तर काट्यावर १.१३ च्या आसपास येईल आणि भागाकार १०.३. निम्म्या चांदीचा असेल तर १.२२ आणि भागाकार साडेनऊ. झिजलेल्या नाण्याचं वजन कमी भरलं तरी भागाकार बदलत नाही, म्हणून मला ही परीक्षा आवडते. नाण्याला ओरखडासुद्धा जात नाही. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका कुणाला.

शेवटी भिंग, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या दोन्ही परीक्षा चांदीच्या आहेत, सालाच्या नाहीत. १९३८ चा रुपया घ्यायचा, शेवटच्या ८ चा खालचा गोळा डावीकडून कोरून ९ करायचा, हा या धंद्यातला जुना उद्योग. असा रुपया कडेला पास, पाण्यातही पास. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दोन्ही ९ शेजारी बघा. पहिल्या ९ ची शेपटी जशी वळते आणि टोकाला जशी संपते तशीच दुसऱ्याची हवी. अंकाभोवतीची सपाट जागा बघा. टांकसाळीतल्या नाण्याची चमक सलग असते. कोरलेल्या जागी ती तुटते, बारीक रेघा दिसतात, किंवा रेघा झाकायला केलेला कृत्रिम काळपटपणा दिसतो. दिवा बाजूने, अगदी खालून धरा, वरून नको.

मुक्ता_ठाणे :

काका, थोडं विषयांतर. आजीच्या बटव्यात तेरा-चौदा रुपये निघाले. काही १९१८, १९२० चे, दोन १९४१ चे, दोघा-तिघांना वर कडी लावलेली. लक्ष्मीपूजनाला आम्ही तेच मांडतो. चांदीचा भाव वाढलाय म्हणून घरात गाळून एखादं भांडं करायचं चाललंय. मी तूर्त थांबवलंय. आणि काळे पडलेत, ते चिंचेने घासले तर चालतील का?

सराफकट्टा :

थांबवलंत ते फार चांगलं केलंत, ताई. गाळायला देण्याआधी प्रत्येकाचं साल कागदावर उतरवून काढा. १९२१, १९२२, १९३८, १९३९ यांतलं एकही असेल तर ते गाळणीत जाता कामा नये. बाकीचं घरच्यांनी ठरवावं, पण देताना एक लक्षात ठेवा. १९१८ च्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, १९४१ च्या रुपयात ५.८३. सगळे एकत्र तोलून एकच भाव लावणाऱ्या दुकानात जाऊ नका, कुणाचं तरी नुकसान होतंच आणि ते सहसा गिऱ्हाइकाचं होतं.

घासू मात्र अजिबात नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच. काळा थर म्हणजे चांदीवर गंधकाचा परिणाम, तो नाण्याला खात नाही. घासण्याने टांकसाळीची मूळ कातडी जाते आणि ती परत येत नाही. फार मळ असेल तर साधं कोमट पाणी, मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. कडी लावलेले रुपये माळेतले असणार. ती उपटू नका. टाका काढला तरी डाग राहतोच, आणि आजीच्या गळ्यात होतं ते तसंच असलेलं मला तरी जास्त मोलाचं वाटतं.

ठेवताना वर्तमानपत्र, रबरबँड आणि तो वास येणारा मऊ प्लास्टिकचा पाऊच टाळा. वास येणाऱ्या प्लास्टिकमुळे पावसाळ्यात नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तो मात्र खरंच खातो.

हडसनकाठ :

मी मूळची साताऱ्याची, आता न्यू जर्सीत. इकडचं थोडं सांगते, कारण वारणाकाठ यांच्या रुपयांशी त्याचा थेट संबंध आहे.

१९१८ मध्ये मुंबई-कलकत्त्याच्या चलन कचेऱ्यांपुढे नोटा मोडून चांदी घ्यायला रांगा लागल्या आणि ब्रिटनपुढे पेच पडला. तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने २३ एप्रिल १९१८ ला पिटमन कायदा केला. त्याखाली २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर गाळले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. म्हणजे सरांच्या १९१९, १९२० च्या रुपयांत मॉर्गन डॉलरची, म्हणजे इकडच्या जुन्या चांदीच्या डॉलरची, चांदी असण्याची चांगलीच शक्यता आहे. कोणत्या सालाचे किती डॉलर गाळले याची नोंद सापडत नाही, त्यामुळे इथले संग्राहक अजून त्यावर वाद घालतात. पुढे गाळलेल्याची भरपाई म्हणून १९२१ मध्ये मॉर्गन डॉलर पुन्हा पाडला, तो इतका की आज सगळ्यात सहज मिळणारा तोच.

मंदीची इथली कथा तुमच्याकडच्यासारखीच, नाणी न पाडण्याची. व्यवहार थंड पडले, बँकांकडे नाणी परत आली, नवी कुणाला नको होती. १९२९ ते १९३३ चांदीचा डॉलर नाही. १९३० ते १९३२ अर्धा डॉलर नाही. १९३२ आणि १९३३ ला दहा सेंटचं नाणं नाही. १९३२ मध्ये वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून पाव डॉलर नव्या रूपात आला, तेव्हा डेन्व्हरने ४,३६,८०० पाडले आणि सॅन फ्रान्सिस्कोने ४,०८,०००. हे दोन्ही आज प्रत्येक संग्राहकाच्या यादीत वर असतात. आणि इथेही तेच उद्योग चालतात. फिलाडेल्फियाच्या साध्या १९३२ च्या नाण्यावर टांकसाळीचं 'डी' किंवा 'एस' अक्षर चिकटवून विकतात. मी मुलाला पहिलं भिंग घेऊन दिलं ते अक्षराच्या मुळाशी डिंकाची रेघ शोधायलाच.

फोंडेकर :

गोव्याचंही जोडून घ्या सर. आमच्याकडे पोर्तुगीज रुपिया चालायचा. १९३५ चा रुपिया चांगल्या चांदीचा, तुमच्या जुन्या रुपयाइतकाच कस. १९४७ चा निम्म्या चांदीचा. १९५२ चा आला तो तांबं-निकेलचा. तीन रुपिया ओळीत ठेवले की सतरा वर्षांत चांदी कशी निघून गेली ते मुलांना न सांगता दिसेल. १९४७ चा मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका म्हातारीकडे मिळाला होता, विड्याच्या पेटीत सुपारीबरोबर. अजून मिळतात, हिंडायला हवं.

संग्राहक_नाशिक :

सराफकट्टा यांच्या लिखाणात एक भर घालतो. १९४० ते १९४५ चे निम्म्या चांदीचे रुपये आता वाटतात तितके स्वस्त फार काळ राहणार नाहीत, त्यांचीही गाळणी झाली आहे. दुसऱ्या युद्धात अमेरिकेकडून हिंदुस्थानला सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी मिळाली, परत करायच्या बोलीवर. ती फेडायला युद्धानंतर हेच रुपये चलनातून काढून कलकत्त्याच्या अलीपूरच्या कारखान्यात त्यांतली चांदी वेगळी केली गेली. १९५७ पर्यंत ही फेड झाली. त्यामुळे या मालिकेतले न झिजलेले, धारदार नमुने आत्ताच घ्या. लाहोरच्या टांकसाळीचे रुपयेही बघा. ती युद्धातच उघडली होती, तिची खूण म्हणजे सालाखाली, नक्षीत बारीक 'एल' अक्षर. मुंबईची खूण ठिपक्याची.

आणि सुट्टीत त्र्यंबकच्या वाटेवर आंजनेरीला या. तिथल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत नाण्यांचं संग्रहालय आहे. खरं नाणं पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय डोळा तयार होत नाही, फोटोवरून तर होतच नाही.

वारणाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. काल पुण्याला जाऊन आलो. विक्रेत्याने काटा आणि पाणी मांडू दिलं, एवढं मान्य करायला हवं. कडा साधी दातेरी, खोबण नाही. कोरडं वजन ११.६१, पाण्यात १.१२. भागाकार १०.३७ आला आणि क्षणभर वाटलं, पैसे काढावेत.

मग भिंग लावलं. मोबाईलचा दिवा टेबलाला टेकवून आडवा धरला. पहिल्या ९ ची शेपटी खाली येऊन डावीकडे गोल वळते आणि टोकाला जाडसर थेंबासारखी संपते. दुसऱ्याची शेपटी वळते तशीच, पण टोक थेंबाचं नाही, सुरीने कापल्यासारखं. आणि त्याच्या डावीकडे, ८ चा गोळा जिथे असता नेमका तिथे, नखाच्या अणकुचीएवढा काळपट डाग. दिवा हलवला की बाकी सपाटी चमकायची, तेवढा डाग मुका. मी विक्रेत्याला दाखवलं. ते म्हणाले, "आम्हाला असाच आला, १९३८ च्या भावात घ्या." सराफकट्टा काका, १९३८ म्हणून घेऊ का? तोही माझ्याकडे नाही.

सराफकट्टा :

नको, गुरुजी. १९३८ चा भाव चांगल्या १९३८ ला. हा कोरलेला आहे, त्याची किंमत चांदीची. चांदीच्या भावात देत असतील तर जरूर घ्या आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात "साल बदललेलं" असं लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर तो कुणाच्या हातात गेला तरी १९३९ म्हणून विकला जाणार नाही. मुलांना दाखवायलाही उपयोगी पडेल.

खरा १९३९ घ्याल तेव्हा पक्कं बिल घ्या. त्यात साल, वजन आणि "खोटं निघाल्यास परत" एवढं लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो. तोवर १९२२ च्या मागे लागा. खानदेशात जुन्या घरांतून अजून माळा निघतात आणि आमच्या दुकानात त्या येतात. कडी न लावलेला, मुंबईचा ठिपका असलेला १९२२ दिसला तर बाजूला काढून ठेवतो आणि इथेच कळवतो.

वारणाकाठ :

चांदीच्या भावात मागून बघतो. आणि १९२२ साठी वाट पाहतोय काका. १९२१ दिसला तरी कळवा.